भरले किती, निघाले किती

केचपने किती हळू वाहावे, याचा अमेरिकेत नियम आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या मानकानुसार २० अंश सेल्सिअस तापमानाला केचप ३० सेकंदांत १४ सेंटिमीटरपेक्षा पुढे सरकता कामा नये. हे तपासण्यासाठी बॉस्टविक कन्सिस्टोमीटर नावाचे एक साधे उपकरण वापरतात. एक धातूची पन्हळ, तिच्या एका टोकाला स्प्रिंगची झडप आणि तळावर कोरलेले आकडे, एवढाच त्याचा पसारा. झडपेमागे केचप भरायचे, कळ दाबून झडप उघडायची आणि अर्ध्या मिनिटाने केचप कुठवर पोहोचले ते वाचायचे. पाणी घातलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जाऊ नये, हा या नियमाचा हेतू रास्तच आहे. परंतु हेच दाटसर केचप बाटलीत भरल्यावर त्यातले किती ताटात येते आणि किती आतल्या भिंतींना चिकटून कचऱ्याच्या डब्यात जाते, हे मोजायला तो नियम सांगत नाही.

तोंडी लावण्याच्या पदार्थांच्या वेष्टनांविषयीची कुरकुर आपण सहसा हसण्यावारी नेतो. न फाटणारी पुडी, फाटली की भलतीकडेच उडणारी पुडी, झाकणाखालचे निघता न निघणारे सील, तळाशी अडकून बसलेला शेवटचा चमचाभर मस्टर्ड, काही केल्या न फिरणारे बरणीचे झाकण, या प्रत्येक गोष्टीवर माणसे दोन शब्द चिडून बोलतात आणि पुढच्या घासाला लागतात. माझे म्हणणे असे की या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते गांभीर्याने घेण्यासारखे आहे. वेष्टनाची परीक्षा माल विकला जाईपर्यंतच होते. ते भरणाऱ्या यंत्रावर अडत नाही ना, वाहतुकीत फुटत नाही ना, फळीवर उठून दिसते ना आणि आतला पदार्थ टिकतो ना, हे सगळे काटेकोर तपासले जाते. गल्ल्यावर पैसे पडले की ही तपासणी संपते, आणि उरलेले काम गिऱ्हाइकाच्या नखांवर, दातांवर आणि सुरीच्या टोकावर सोपवले जाते.

वजनाचेच पाहा. वेष्टित मालातील घट किती चालवून घ्यावी, याविषयी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर ८७ क्रमांकाची शिफारस आहे. तिच्यानुसार ५०० ग्रॅमच्या एकेका वेष्टनात घट १५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ३ टक्क्यांपर्यंत क्षम्य धरली जाते. त्याहून जास्त घट असलेली वेष्टने एका मर्यादेपलीकडे सापडली, तर मालाची ती अख्खी खेप नापास होते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक मासिकाने २००९ मध्ये केलेल्या तपासणीत केचप-मस्टर्डसारख्या पदार्थांचा १५ टक्क्यांपर्यंत भाग डब्याबाटल्यांमध्येच राहून जातो, असे आढळले होते. ५०० ग्रॅमवर हा हिशेब ७५ ग्रॅमचा होतो. कारखान्यात १५ ग्रॅम कमी भरले तर तो वैधमापनाचा प्रश्न, आणि स्वयंपाकघरात त्याच्या पाचपट वाया गेले तर ती गिऱ्हाइकाची आळशी सवय, असा हा न्याय आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. दाट पदार्थ चिकटणारच, त्याला वेष्टन काय करणार? हे उत्तर अर्धे खरे आहे. केचप हा विशिष्ट ताणापर्यंत घन पदार्थासारखा वागणारा द्रव आहे. त्याच्यावरचा जोर एका मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय तो हलत नाही, आणि एकदा हलला की घुसळणीमुळे आणखी पातळ होत सुटतो. म्हणून काचेची बाटली तिरकी धरली की बराच वेळ काही येत नाही, आणि मग ठोकल्यावर नको तेवढे एकदम येते. भिंतीवर राहिलेल्या पातळ थराचे स्वतःचे वजन ती मर्यादा ओलांडायला पुरत नाही. त्यामुळे बाटली रात्रभर उलटी ठेवली तरी तो थर जागचा हलत नाही, आणि धीर धरा, येईल हळूहळू, हा सल्ला इथे शास्त्रानेच फोल ठरवलेला आहे.

या दाटपणाचाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतली बरीच केचपे पातळ असत आणि सोडियम बेंझोएट घालून टिकवली जात. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याच्या काळात हार्वे वायली या शासकीय रसायनशास्त्रज्ञाने बेंझोएटविरुद्ध मोहीम चालवली, आणि हाइन्झ कंपनीने पूर्ण पिकलेले टोमॅटो घेऊन, व्हिनेगर आणि साखर वाढवून बेंझोएटशिवाय टिकणारे केचप बाजारात आणले. ते साहजिकच अधिक दाट होते. तेव्हा दाटपणा आला तो शुद्धतेच्या हातात हात घालून, आणि पुढे दर्जाची खूण म्हणून नियमातही बसला. हे सगळे गिऱ्हाइकाच्या भल्याचेच झाले. मात्र पदार्थ बदलला तरी पातळ पदार्थाला साजेशी अरुंद मानेची काचेची बाटली कितीतरी दशके तशीच राहिली. नरम, दाबता येणारी प्लॅस्टिकची बाटली हाइन्झने आणली ती १९८३ मध्ये, आणि झाकणावर उभी राहणारी उलटी बाटली २००२ मध्ये. लोक घरोघरी बाटल्या उलट्या करून ठेवत होतेच. उद्योगाला ते बाटलीतच उतरवायला २००२ साल उजाडावे लागले.

उलटी बाटली शक्य झाली ती तिच्या तोंडातल्या सिलिकोनच्या छोट्या चकतीमुळे. चकतीला मधोमध चिरा असतात. बाटली दाबली की त्या बाहेरच्या बाजूला उमलतात, आणि दाब सुटला की मिटताना थेंब आत ओढून घेतात. मिशिगनमधल्या पॉल ब्राउन या छोट्या कारखानदाराने ती मुळात शाम्पूच्या बाटलीसाठी घडवली होती. मला या चकतीचे मनापासून कौतुक वाटते, कारण वापरणाऱ्याच्या हातापासून विचार सुरू केला की काय घडू शकते, हे तिच्यात दिसते. तरीही तिने सगळे मिटवले असे नाही. बाटली संपत आली की आधी फुर्रकन आवाज आणि मग शर्टावर शिंतोडे, हा अनुभव कुणाला नवा नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कॅलम कटल आणि ख्रिस मॅकमिन यांनी २०२२ मध्ये याचे गणित मांडले. दाबल्यावर बाटलीतली हवा आकुंचन पावते. पुढचे केचप जसजसे बाहेर पडते तसतसा त्याचा अडसर कमी होतो, आणि एका क्षणी कोंडलेली हवा उरलेल्या केचपला एकदम बाहेर फेकते. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, म्हणून हा तमाशा नेमका शेवटाला होतो. सावकाश दाबा, आणि तोंडाचा व्यास मोठा असेल तर उत्तम, असा त्यांचा निष्कर्ष. सावकाश दाबणे गिऱ्हाइकाच्या हातात आहे, पण तोंडाचा व्यास ठरवणे त्याच्या हातात नाही.

भिंतीला चिकटणाऱ्या थरावरही उपाय सापडलेला आहे. एमआयटीतले प्राध्यापक कृपा वाराणसी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी बाटलीच्या आतल्या पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा करून त्यात वंगणासारखा द्रव धरून ठेवण्याची रीत विकसित केली. २०१२ मध्ये अशा बाटलीतून केचप सबंधच्या सबंध घसरून बाहेर येतानाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. हे तंत्र पुढे टूथपेस्टपर्यंत पोहोचले. मग तोंडी लावण्याच्या बाटल्यांमध्ये ते सर्रास का दिसत नाही? इथे कुणी कटकारस्थान करते आहे असे मला म्हणायचे नाही. कारण त्याहून साधे आहे. आत राहिलेल्या ७५ ग्रॅमची किंमत कंपनीला आधीच मिळालेली असते, आणि आतून निसरड्या केलेल्या बाटलीचा जादा खर्च मात्र तिला करावा लागतो. गिऱ्हाइकाला दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवून कोणती पूर्ण रिकामी होईल हे कळायला काही मार्ग नाही. जे दिसत नाही त्यावर स्पर्धा होत नाही, आणि जिथे स्पर्धा नाही तिथे सुधारणा फक्त कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहते.

झाकणाचा आणि सीलचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे उघडायला कठीण असण्यामागे खरे कारण आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळल्याने ७ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर वेष्टनाशी झालेली छेडछाड उघड दिसलीच पाहिजे, हा विचार औषधांकडून खाद्यपदार्थांपर्यंत पसरला. झाकणाखालची ॲल्युमिनियमची चकती ही त्याच विचाराची खूण आहे, आणि ती नकोच असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण तिची रचना जवळून पाहिली तर काय दिसते? धरायला दिलेली जीभ इतकी आखूड असते की चिमटीत यायला नखच लागते. ओढले की जीभ तेवढी हातात येते आणि चकती काठाला तशीच चिकटून राहते. मग सुरीने मधोमध भोक पाडायचे आणि कडेची झालर पुढचे महिनाभर प्रत्येक थेंबाच्या वाटेत आडवी येऊ द्यायची. सुरक्षिततेसाठी चकती घट्ट हवी हे मान्य, पण जीभ दोन मिलिमीटर लांब केल्याने कुणाच्या जिवाला धोका पोहोचत नाही.

काचेच्या बरणीच्या झाकणाचे भौतिकशास्त्रही असेच आहे. पदार्थ गरम असताना भरतात, वरची वाफ थंड होऊन आकसते आणि आत निर्वात पोकळी तयार होते. सात सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर भरते. आतला दाब बाहेरच्या निम्मा असला, तरी बाहेरची हवा त्या झाकणाला जवळपास २० किलो वजनाइतक्या जोराने दाबून धरते. चमच्याचे टोक कडेखाली सारून किंचित उचकटले की टक्‌ असा आवाज होतो, हवा आत शिरते आणि तेच झाकण मुकाट्याने फिरते. तरुण, धडधाकट माणसाला ही गंमत वाटेल. ज्याची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत, ज्याचा एक हात लुळा आहे किंवा जो वयपरत्वे अशक्त झाला आहे, त्याला मात्र ती बरणी उघडण्यासाठी घरात दुसरे माणूस लागते. वेष्टने सहज उघडता यावीत यासाठी २०१५ पासून आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. म्हणजे सुलभता मोजायची कशी, हा प्रश्न शिल्लक नाही. हे मानक पाळायचे की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

आता पुडी. केचपच्या छोट्या पुड्या हाइन्झने १९६८ मध्ये आणल्या. २०२१ मध्ये महासाथीत लोक घरी पार्सल नेऊ लागले तेव्हा अमेरिकेत या पुड्यांचा तुटवडा झाला, आणि कंपनीने उत्पादन २५ टक्क्यांनी वाढवून वर्षाला १२ अब्ज पुड्यांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. १२ अब्ज हा आकडा एका कंपनीचा आणि एका पदार्थाचा आहे. प्रत्येक पुडीत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात: एक छपाई आणि ताकदीसाठी, एक हवा-प्रकाश रोखण्यासाठी, एक आतून सांधा जुळवण्यासाठी. हे थर पुन्हा सुटे करणे व्यवहारात परवडत नाही, आणि पुडी इतकी लहान व खरकटी असते की कचरा वेचणाऱ्या यंत्राच्याही ती हाती लागत नाही. चमचाभर पदार्थ काही मिनिटांत संपतो, वेष्टन मात्र कित्येक पिढ्यांना पुरते.

एवढे करून ती पुडी नीट उघडते का? असल्या फिल्मला धड काठावरून फाडायला गेले तर ती ताणली जाते, पण चिरत नाही. फाटायला आधी बारीकशी खाच लागते, म्हणजे सगळा जोर त्या एका बिंदूवर एकवटतो. खाच असतेही, पण कधी ती सांध्याच्या आतपर्यंत पोहोचलेली नसते, कधी अशा कोपऱ्यात असते की फाटलेला तुकडा अर्धवट लोंबत राहून तोंडच बुजवतो. शिवाय पुडी उघडायची वेळ येते तेव्हा बोटे बहुधा तेलकट झालेली असतात, आणि गुळगुळीत फिल्मवर तेलकट बोटांची पकड बसत नाही. शेवटी दात. जपानमध्ये कडेच्या कुठल्याही जागेपासून फाडता येईल अशा पुड्या दीर्घकाळ मिळत आहेत. एका हाताने मधोमध मोडली की केचप आणि मस्टर्डच्या दोन धारा शेजारी शेजारी पडतात, असे पाकीटही तिथे रुळलेले आहे. तेव्हा हे काम अशक्य आहे असे सांगण्यात अर्थ नाही.

पुड्यांवर कायदे आता येऊ लागले आहेत, पण ते कचऱ्याच्या बाजूने. युरोपीय संघाच्या २०२५/४० या वेष्टनविषयक नियमावलीनुसार १ जानेवारी २०३० पासून उपाहारगृहांत बसून खाणाऱ्यांना सॉस, मसाले, साखर इत्यादींच्या एकवापरी प्लॅस्टिक पुड्या देता येणार नाहीत. बरोबर नेण्याच्या तयार खाण्यासाठी आणि रुग्णालयांसारख्या ठिकाणी आरोग्याच्या कारणास्तव सवलत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १ सप्टेंबर २०२५ पासून सोया सॉसच्या माशाच्या आकाराच्या चिमुकल्या बाटल्यांवर बंदी घातली. ओसाकाच्या तेरुओ वातानाबे यांनी १९५४ मध्ये काच आणि चिनी मातीच्या कुप्यांना पर्याय म्हणून आणलेली ही बाटली, खरे तर, वापरायला अतिशय सोयीची. झाकण फिरवून निघते, हवे तेवढेच थेंब पडतात, पुन्हा बंद होते. म्हणजे गमतीचा भाग असा की हाताला त्रास न देणारे वेष्टन आधी गेले आणि दाताने फाडायची पुडी अजून बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. बंदीला माझा विरोध नाही. पण केवळ कचऱ्याच्या मापाने वेष्टने जोखली, तर त्यांच्या जागी येणारी कागदी पुडी भिजून फाटणारी निघेल आणि आपण एका वैतागातून दुसऱ्यात जाऊ.

स्वच्छतेचा आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. टेबलावरची सामायिक बाटली दहाजणांच्या हातून फिरते, तिच्या तोंडाशी वाळलेली खपली धरते, आणि जुन्यात नवे ओतून ती भरली जात असेल तर तळाशी काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही. २०१३ च्या मे महिन्यात युरोपीय आयोगाने उपाहारगृहातील ऑलिव्ह तेलाच्या पुन्हा भरता येणाऱ्या सुरया बंद करून सीलबंद बाटल्यांची सक्ती करण्याचा प्रस्ताव आणला होता. भेसळ आणि स्वच्छता ही त्याची कारणे होती. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्यात वेष्टनाच्या कचऱ्याचा मुद्दा होता, तसाच कायदा ताटापर्यंत हात घालतो आहे याचा रागही होता. माझ्या मते तोडगा या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि तो जुनाच आहे: मोठी सीलबंद पिशवी आत बसणारा, बाहेरून दाबायचा पंप. आतल्या पदार्थाला हात लागत नाही, पिशवी संपली की आख्खी बदलता येते, आणि ज्याला जेवढे हवे तेवढेच तो घेतो. पुडीत मात्र माप दुसऱ्याने ठरवलेले असते. एक अपुरी पडते, दुसरी अर्धी टाकून द्यावी लागते. रुग्णालये, प्रवास आणि एकट्याने राहणारी माणसे, यांच्यासाठी पुडीची सोय खरी आहे आणि ती राहिली पाहिजे.

सगळ्याच वैतागांना नियम हवेत असे नाही. मीठदाणी आणि मिरपूडदाणी यांपैकी कुणाला किती भोके असावीत, यावर जगाचे एकमत नाही आणि होण्याची गरजही नाही. दाणी पारदर्शक केली की वाद मिटतो. दमट हवेत मीठ गोळा होते, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. तिथे नियमापेक्षा घट्ट झाकण कामाचे. आणि चांगली रचना सक्तीशिवायही होते. जपानी रचनाकार केन्जी एकुआन यांनी १९६१ मध्ये किक्कोमन या सोया सॉसच्या कंपनीसाठी केलेली सोया सॉसची टेबलावरची बाटली शंभरावर नमुने करून, तोटीचा कोन पुन्हा पुन्हा बदलून सिद्ध झाली. थेंब ओघळत नाही आणि बाटली पुन्हा भरता येते. ती अजून तशीच विकली जाते. पण असा एखादा एकुआन प्रत्येक कारखान्याला लाभेल यावर सार्वजनिक धोरण उभे करता येत नाही.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. दाट पदार्थाच्या वेष्टनावर निव्वळ वजनाशेजारी निघणारे वजनही छापावे. ही कल्पना वाटते तितकी विक्षिप्त नाही. द्रवात बुडवून डबाबंद केलेल्या पदार्थांवर निथळलेले वजन वेगळे लिहावे, असे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या १९८५ च्या लेबलविषयक सर्वसाधारण मानकातच आहे. गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे ते खाण्याजोग्या भागाचे, डब्यातल्या पाण्याचे नव्हे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. मग डब्यात शाबूत असूनही हाती न येणाऱ्या भागाला तेच तत्त्व का लागू नये? याच्या जोडीला, उघडण्याची चाचणी वयस्क आणि अशक्त हातांवर झाली आहे की नाही, हे एका चिन्हाने दाखवावे. बंदी नको, दंड नको, फक्त आकडा आणि चिन्ह.

प्रत्येकाची दाबण्याची रीत वेगळी, मग निघणारे वजन मोजणार कसे, असा आक्षेप येईल. खरे तर प्रत्येक माणूस केचप ओततोही वेगळ्या रीतीने, तरी त्याचा दाटपणा एका पन्हळीत, एका तापमानाला, ३० सेकंदांत मोजायचे ठरले आणि उद्योग त्यावर निमूटपणे चालला. तसेच इथेही ठरवता येईल: इतक्या जोराने, इतक्या वेळा, इतका वेळ उलटे धरून, सुरी किंवा पाणी न वापरता. छोट्या उत्पादकांना हा खर्च जड जाईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर चाचणी वेष्टनाच्या साच्यागणिक करावी, मालागणिक नव्हे. एकच बाटली अनेक उत्पादक घेतात, तेव्हा तिची तपासणी बाटली बनवणाऱ्याने एकदाच, ठरावीक दाटपणाचा नमुना भरून करून द्यावी आणि निकाल बाटलीबरोबर विकावा. मग घरच्या घरी सॉस बनवून विकणाऱ्यालाही बाटली निवडताना तिच्यात किती अडकते ते आधी कळेल, आणि दोन रिकाम्या बाटल्यांमध्ये त्याला आज न दिसणारा फरक दिसू लागेल.